तहान : 28 मे 2009 पर्यंतचा आणि नंतरचा घटनाक्रम

2008, लंडन
एका तरण्याबांड, खेळाडू मुलाच्या मेंदूत पीयूषिका ग्रंथीची गाठ सापडते. उपचारांनी जीव वाचतो. पण मूत्रपिंडांना पाणी राखायला लावणारं संप्रेरक त्याच्या शरीरात पुरेसं बनेनासं होतं. हा डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उपाय सोपा : डेस्मोप्रेसिन, रोज, न चुकता.

मे 2009, अखेरचा आठवडा
उपचारांतल्या स्टिरॉइडनी हाडं कमकुवत झालेली. खुब्याचा सांधा बदलायला तो टूटिंगच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये दाखल होतो. वय 22. ऑपरेशन पार पडतं. वॉर्ड हाडांचा, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष खुब्याकडे. डेस्मोप्रेसिन मात्र राहून जातं.

डोस चुकल्यावर पहिले काही तास
तोंडाने घेतलेल्या गोळीचा अंमल साधारण 8 ते 12 तास. तो ओसरला की लघवी थांबत नाही. आजार तीव्र असेल तर दिवसाला 10-12 लिटर, म्हणजे तासाला जवळजवळ अर्धा लिटर. घरी असा माणूस उठतो, घटाघटा पाणी पितो आणि तगतो. तहान हाच त्याचा शेवटचा पहारेकरी. नुकतंच ऑपरेशन झालेल्याला मात्र पाण्याचा ग्लास दुसऱ्या कुणीतरी हातात द्यावा लागतो.

त्यापुढचे तास
रक्तातलं सोडियम 145 या सामान्य मर्यादेच्या पुढे सरकतं. मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. माणूस अस्वस्थ होतो, असंबद्ध बोलतो, अंगावर धावून जातो. हे सगळं ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. रुग्णाच्या चार्टवर दोन रकाने असतात : पोटात किती गेलं, लघवी किती झाली. दोन्ही भरले आणि वजाबाकी केली, की धोका समोर दिसतो. सोबत सोडियमची एक तपासणी, आणि जुन्या औषधांची यादी.

27 मे
तो पाण्यासाठी खाटेवरूनच पोलिसांना फोन लावतो. पोलीस येतात, त्यांना परत पाठवलं जातं. आई त्याच्या औषधाबद्दल कर्मचाऱ्यांना सांगत राहते. त्याचं ओरडणं हे आजाराचं लक्षण होतं. वॉर्डाने ते गैरवर्तन मानलं. सुरक्षारक्षक त्याला धरतात, शांत करणारं औषध दिलं जातं. गुंगीतल्या माणसाला पाणी मागता येत नाही.

28 मे
मृत्यू. कारण : शरीरातलं पाणी संपलं, सोडियम वाढलं. लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात!

जुलै 2012
मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरचा निष्कर्ष : मृत्यूला हलगर्जीपणाचा हातभार.

फेब्रुवारी 2016
डेस्मोप्रेसिन चुकल्यास किंवा लांबल्यास जीव जाऊ शकतो, असा इशारा इंग्लंडच्या आरोग्यसेवेकडून जारी.

2022
‘डायबेटिस’ या शब्दामुळे होणारी गफलत टाळायला तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाकडून या आजाराला नवं नाव : एव्हीपी डेफिशियन्सी, म्हणजे पाणी राखायला लावणाऱ्या त्याच संप्रेरकाची कमतरता.

तुमच्या घरात कुणी डेस्मोप्रेसिन, स्टिरॉइड किंवा इन्सुलिनवर असेल, तर दाखल होतानाच डॉक्टर आणि सिस्टर दोघांनाही सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि पुढचा डोस किती वाजता हे विचारा. डोस राहिला, तर भीड न बाळगता पुन्हा विचारा.