न टाकलेली वायर

मढे घाटाच्या पठारावरून वेल्ह्याकडे येताना अंधार पडला आणि माझ्या बाईकच्या हेडलाइटने विचित्र खेळ सुरू केला. हँडल उजवीकडे वळवलं की उजेड, डावीकडे वळवलं की गुल. रस्ता कच्चा, बाजूला दरी. मागे बसलेल्या मित्राने मोबाइलचा टॉर्च माझ्या खांद्यावरून पुढे धरला आणि पहिल्या गिअरमध्ये आम्ही कसेबसे गावात पोचलो. तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी "काम आहे" म्हणाला.

बाईक सेकंडहँड, खास ट्रेलवर फिरवायला घेतलेली. वजन कमी, बॅटरी नाही. मी बल्ब बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग ऑनलाइन मल्टिमीटर मागवला, बल्ब काढून कपलरवर लावला, इंजिन सुरू केलं. शून्य. कॉइल जळाली असं मी जाहीर करून टाकलं.

गॅरेजवाल्या मामांनी मीटरकडे एक नजर टाकली. "अरे, डीसीवर काय लावून बसलायस? एसीवर टाक."

टाकला. तेरा व्होल्ट.

इथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाईकचा दिवा बॅटरीवर नाही, थेट इंजिनवर जळतो. फिरत्या चाकात चुंबकं, त्यांच्या आत तांब्याच्या कॉइल. एक ठिणगीसाठी, एक दिव्यासाठी. चुंबकाचे ध्रुव आलटून पालटून समोरून जातात, म्हणून वीज एसी. बाईक आडवी पडली तरी ॲसिड सांडायची भीती नाही. ही रचना आली कुठून हे शोधताना मी बराच मागे गेलो.

सुरुवातीच्या मोटरसायकलींचा दिवा आणि इंजिन यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. दिव्यात कॅल्शियम कार्बाइड असायचं, तेच, ज्याने आंबे पिकवायला आता बंदी आहे. त्यावर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो काडीने पेटवायचा. वायर नाही, अर्थिंग नाही. बिघाड म्हणजे पाणी संपलं किंवा नळी तुंबली.

वीज आली ती उजेडासाठी नाही, ठिणगीसाठी. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला. त्यात एक सोय आपोआप होती: स्पार्क प्लग इंजिनच्या धातूत आटे फिरवून बसतो, त्यामुळे वीज जायला एक वायर आणि परत यायला अख्खं इंजिन. पुढे १९२०च्या दशकात ब्रिटिश मोटरसायकलींवर मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र असलेले 'मॅगडायनो' बसू लागले, विजेचे दिवे आले आणि त्यांनीही तीच वाट धरली. दिव्याकडे एक वायर, परतीला सांगाडा. तांबं वाचलं, काम सोपं झालं. पक्क्या रस्त्यावर हे चाललंही.

पण दिवा बसतो पुढच्या फोर्कवर, आणि फोर्क फिरतो. फोर्क आणि चासी यांच्यामध्ये काय? ग्रीसमध्ये बुडालेले स्टीअरिंगचे छर्रे. वेगळी अर्थ वायर नसेल, तर दिव्याची परतीची वीज त्या छर्र्यांतून जाते. हँडल फिरलं की कधी धातू धातूला टेकतो, कधी मध्ये ग्रीस येतं.

चिखलात चालवायच्या गाड्यांवर दिवा ही बरेचदा सक्तीच राहिली. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइलला सुरू झालेल्या 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल'चे टप्पे साध्या रस्त्यांनीही जोडलेले असत, त्यामुळे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असावी लागे. १९६८ ची यामाहा डीटी-१ दिव्यासकट विकली गेली, आणि शर्यतीच्या शौकिनांनी तो काढून ठेवला. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली डकार रॅली निघाली. ती सिरिल नव्होने जिंकली यामाहा एक्सटी ५०० वर, आणि ते मॉडेल तेव्हा सहा व्होल्टचं होतं.

सहा व्होल्ट म्हणजे काय ते जरा हिशेबाने बघू. ३० वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर ५ ॲम्पिअर घेतो, बारावर अडीच. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.२ ओहम धरा. सहातला एक व्होल्ट तिथेच गेला. बारातला मात्र अर्धाच. आणि तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो: सहाव्या हिश्श्याने व्होल्टेज घटलं की उजेड जवळजवळ निम्मा. जुने लोक "सिक्स व्होल्टचा दिवा म्हणजे मेणबत्ती" म्हणतात, त्यात सगळा दोष डायनामोचा नसतो.

माझी बाईक बारा व्होल्टची. मग तेरा व्होल्ट येत असताना अंधार का? मामा म्हणाले, "बल्ब लावून मोज. रिकाम्या वायरवर सगळं चांगलंच दिसतं." बल्ब काढलेला असला की मीटर जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब लावून, इंजिन चालू ठेवून त्यांनी मीटरची एक पिन बल्बच्या अर्थला टेकवली आणि दुसरी इंजिनच्या बोल्टला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. हँडल उजवीकडे: ०.३. डावीकडे: ९ च्या वर. जे व्होल्टेज बल्बमध्ये जळायला हवं, ते छर्र्यांच्या ग्रीसमध्ये अडकत होतं.

आधीच्या मालकाने हौसेने दुसरा दिवा पट्टीवर बसवला होता आणि कंपनीने दिलेली अर्थची वायर जोडलीच नव्हती. ती चासीच्या मागे टेप गुंडाळून लोंबत होती, तिच्या टोकाला हिरवा कार्बन आलेला.

मामांनी तिला हात लावला नाही. नवी काळी वायर घेतली, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढी ढिली ठेवली, बोल्टखालचा रंग खरवडून टोक कसलं, वर ग्रीस फासलं. "आधी खरवड, मग कस, मग ग्रीस. उलटं करशील तर परत येशील." पैसे विचारले तर वायरचेच घेतले.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे दुचाकीचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो, नव्या गाड्यांना बटणच नाही. माझ्या जुन्या बाईकला आहे.

गेल्या महिन्यात मित्र पुन्हा मागे बसला. मढे घाटातून संध्याकाळी निघालो. वेल्हे येईपर्यंत त्याने मोबाइल हातातच धरला होता.