वयोवृद्धांच्या पैशांचे रक्षण : बँक काय करू शकते?

वार्धक्य, आजार, अपंगत्व किंवा निरक्षरता यांचा गैरफायदा घेऊन एखाद्याचे पैसे, ठेवी वा मालमत्ता बळकावणे म्हणजे आर्थिक शोषण होय. असे शोषण करणारा नेहमीच परका असतो असे नाही. पुष्कळदा तो मुलगा, जावई, पुतण्या किंवा रोज घरी येणारा शेजारीच असतो. म्हणूनच घरची अब्रू झाकण्यासाठी वृद्ध माणसे मुकाट्याने सोसतात व तक्रार पुढे येत नाही.

धाराशिव तालुक्यातील ढोकी हे गाव तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. मराठवाड्यातील अशा गावांतून तरुण मंडळी कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि घरी म्हातारे आईवडील राहतात. त्यांच्या खात्यावर उसाचे बिल, पिकाचे अनुदान किंवा श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 रुपये जमा होतात. पासबुक व एटीएम कार्ड मात्र कित्येकदा दुसऱ्याच्या खिशात असते. अशा वेळी घराबाहेरचा जो माणूस हा व्यवहार प्रत्यक्ष पाहतो, तो म्हणजे बँकेच्या खिडकीमागील कर्मचारी. त्याच्या दक्षतेवर एखाद्याचे उरलेले आयुष्य अवलंबून असू शकते.

धोक्याच्या खुणा

वर्षानुवर्षे थोडी थोडी रक्कम काढणाऱ्या ग्राहकाने एकाएकी मोठी रक्कम मागणे. मुदत ठेव घाईने मोडणे. सोबतच्या माणसानेच सर्व उत्तरे देणे. सही बदललेली दिसणे. वारसनोंद अचानक बदलणे. ग्राहक सतत फोनवर असणे व भेदरलेला दिसणे, या त्या खुणा होत. यांपैकी एखादी खूण म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. परंतु थांबून विचारपूस करण्यास ती पुरेशी आहे.

कर्मचाऱ्याने काय करावे?

सोबतच्या माणसाला बाहेर बसवून ग्राहकाशी एकांतात बोलावे. “आजी, हे पैसे कशासाठी हवेत? कोणी घाई केली आहे का?” असे आदराने विचारावे. शंका राहिल्यास शाखाधिकाऱ्यांना कळवावे. नोव्हेंबर 2024 मध्ये हैदराबाद येथील स्टेट बँकेच्या एका शाखेत ठेव मोडण्यास आलेल्या वृद्ध ग्राहकाला कर्मचाऱ्यांनी असेच प्रश्न विचारले आणि ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने होणारी फसवणूक टळली. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. ऑक्टोबर 2025 मध्ये हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली.

जादा व्याजाच्या मोहाने ठेव दुसरीकडे हलविणाऱ्यांनाही सावध करणे इष्ट आहे. बँकेतील ठेवींना 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. बीड येथील ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवींनी हा धडा मराठवाड्याला दिला आहे.

नियम काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये 70 वर्षांवरील तसेच दिव्यांग ग्राहकांसाठी घरपोच सेवा देण्याचे निर्देश बँकांना दिले. या सेवेमुळे कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज कमी होते. सही करू न शकणाऱ्या आजारी ग्राहकाचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घ्यावा व त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असाही नियम आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते.

परदेशांत काही पावले पुढे टाकलेली दिसतात. ब्रिटनमध्ये शंका येताच बँक कर्मचारी पोलिसांना शाखेत बोलावतात. अमेरिकेत 2018 पासून गुंतवणूक संस्थांना ज्येष्ठांच्या खात्यातून जाणारी संशयास्पद रक्कम तात्पुरती रोखता येते, तसेच ग्राहकाने सुचविलेल्या विश्वासू व्यक्तीशी संपर्क साधता येतो. अशा विश्वासू व्यक्तीचे नाव नोंदवून घेण्याची पद्धत आपल्या बँकांनीही स्वीकारावी, असे आम्हास वाटते.

खाते कसे ठेवावे?

संयुक्त खाते उघडताना पद्धत नीट समजून घ्यावी. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीत दोघांपैकी कोणीही केव्हाही पैसे काढू शकतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीत पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याच्याच हाती राहतो. वृद्धांच्या ठेवींसाठी ही दुसरी पद्धत अधिक सुरक्षित होय. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, ती आपोआप मालक होत नाही. मोबाइलवर संदेश येत आहेत ना, याची खात्री करावी. आधारवर अंगठा लावून पैसे काढले जाण्याची भीती असल्यास आधारचे बायोमेट्रिक ‘लॉक’ करून घ्यावे.

दाद कोठे मागावी?

ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ 1930 या क्रमांकावर व बँकेस कळवावे. इथे प्रत्येक तास मोलाचा असतो. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता असते. ज्येष्ठांना मार्गदर्शनासाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. बँकेने 30 दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर 2025 पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेखाली आल्या आहेत.

सांभाळ करण्याच्या अटीवर शेत वा घर मुलांच्या नावे केले आणि मुलांनी पाठ फिरविली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. या कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी सांगितले. तरीही ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घेणेच शहाणपणाचे ठरते.

शेवटी एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. वृद्ध म्हणजे असमर्थ नव्हे. आपले पैसे नातवाच्या शिक्षणाला द्यावेत की तीर्थयात्रेला खर्च करावेत, हे ठरविण्याचा हक्क त्यांचाच आहे. तो निर्णय त्यांचा स्वतःचा आहे की दुसऱ्याच्या दडपणाखालचा, एवढेच बँकेने पाहावयाचे आहे. धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी महिन्यातून एकदा शेजारच्या आजी-आजोबांना पासबुक भरून व वाचून दाखविले, तर बँकेचे निम्मे काम सोपे होईल. पासबुक मात्र परत त्यांच्याच हाती द्यावे.