सव्वानऊतला एक रुपया

1982चा उन्हाळा. दिल्लीत, सिरी फोर्टपाशी, मजुरीच्या रांगेत तुम्ही उभे आहात. राज रेवाल यांच्या आराखड्यानुसार इथे एशियाडचं क्रीडाग्राम उभं राहतंय. परांच्यांवरची माणसं खाली उतरली आहेत, घमेली पालथी पडली आहेत. मागेपुढे राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून आणलेले मजूर. त्यांना आणणारा जमादार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम, पैसे मोजतोय. सरकारी दर दिवसाला सव्वानऊ रुपये. तुमच्या हातावर सव्वाआठ पडतात. वरचा रुपया त्याचं कमिशन. शेजारच्या बाईला तर सातच मिळाले. तुम्ही काही बोलणार, तोच तो ओरडतो, ‘‘चलो, आगे!’’ हुज्जत घातली तर उद्या हजेरीत नाव नसेल.

घाई वरपासून खालपर्यंत आहे. यजमानपद 1976 सालीच मिळालं होतं. पण मध्ये सरकारं बदलली, आणि कामाला खरा जोर आला तो 1980 नंतर. आता नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थ इनडोअर स्टेडियम, तालकटोऱ्याचा जलतरण तलाव, उड्डाणपूल, हॉटेलं, सगळं एकदमच बांधायचंय. 33 देश यायचेत, 21 खेळ व्हायचेत. शिडाच्या होड्या मुंबईच्या समुद्रात, वल्ह्यांच्या शर्यती जयपूरजवळ रामगढच्या तलावात. 19 नोव्हेंबर ही उद्घाटनाची तारीख पुढे ढकलता येत नाही. मग काटछाट होते ती मजुराच्या पैशात. त्याच्या वतीने बोलणारं त्या बांधकामावर कुणी नाही.

18 सप्टेंबर. आता तुम्ही सुप्रीम कोर्टात आहात. तीन समाजशास्त्रज्ञांनी या कामांची पाहणी केली होती. तिच्या आधारे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ने न्या. भगवती यांना पत्र लिहिलं आणि कोर्टाने ते पत्रच याचिका मानलं. मजूर कंत्राटदाराचे, दाद मागायची तर त्याच्याकडे मागा, असा सरकारचा बचाव होता. तो टिकत नाही. किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं ही घटनेच्या 23व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच, असं न्या. भगवती निकालात सांगतात. 14 वर्षांखालच्या मुलांना बांधकामावर ठेवणंही घटनेच्या विरुद्ध ठरतं.

19 नोव्हेंबर. नेहरू स्टेडियम खच्चून भरलंय. पं. रविशंकरांनी स्वरबद्ध केलेलं स्वागतगीत घुमतंय, जिकडेतिकडे स्पर्धेचा शुभंकर असलेल्या अप्पू हत्तीची चित्रं, आणि नव्याने आलेल्या रंगीत टीव्हीवर देश हा सोहळा पाहतोय. पुढच्या पंधरवड्यात भारत 13 सुवर्णांसह 57 पदकं मिळवेल. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून 7–1 असा मारही खाईल. दोन्हींची चर्चा वर्षानुवर्षं चालेल. सव्वाआठ रुपयांची आठवण मात्र बहुतेक कायद्याच्या पुस्तकांतच उरेल.

स्पर्धा वेळेवर आणि थाटात पार पडली, यात वाद नाही. पण अशा आयोजनाची परीक्षा मशाल पेटण्याच्या कितीतरी आधी, मजुरीच्या रांगेतच होते, आणि तिथे आपण नापास झालो. आता 2036च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्नात आहे. उद्या नव्या स्टेडियमची देखणी चित्रं तुमच्यापुढे येतील, तेव्हा मजुरीचं रजिस्टर कुठे आहे, तेही विचारा. काम कंत्राटदाराला दिलं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1982 सालीच सांगून ठेवलं आहे.