सूत आणि चाकोरी

ब्रह्मपुरी तालुक्याचा इतिहास लिहू म्हणणाऱ्याने तहसील कचेरीतील दप्तरे जरूर चाळावीत. परंतु त्या दप्तरांइतकीच बोलकी साक्ष या मुलखातील चाके देतात, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. याला निमित्त झाली ती एका सरकारी लिलावातून हस्ते परहस्ते माझ्या अंगणात येऊन स्थिरावलेली जुनी जीप. तिचे पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या काठाने विलक्षण वेगाने झिजत होते. टायरवरून तळवा बाहेरून आत फिरवला तर रबर गुळगुळीत लागे आणि आतून बाहेर ओढला तर करवतीच्या दात्यांसारखे बोचे. पुढची चाके पुढच्या अंगाला एकमेकांकडे प्रमाणाबाहेर झुकली, म्हणजे हा विकार जडतो. त्यावर उपाय शोधता शोधता मी जो मागे गेलो, तो थेट मालगुजारीच्या काळापर्यंत.

त्या काळी हा प्रदेश मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत असे, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धान, रानातील लाकूड व बाजाराचा माल यांची ने-आण मुख्यतः खासरांवर आणि रेंग्यांवर चाले. या गाड्यांचे चाक म्हणजे सुतार आणि लोहार यांच्या संयुक्त कारभाराचा नमुना. मध्यभागी तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठे, आणि या साऱ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत; मग गोवऱ्यांच्या कड्यात ती लाल होईतो तापवीत, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवीत आणि लाकडाने पेट घेण्यापूर्वीच तिच्यावर पाणी ओतीत. लोखंड आकसले की सारे सांधे करकरत एकमेकांत रुतत. वैशाखात मात्र लाकूड वाळून धाव सैल होई, आणि मग शहाणा गाडीवान आपली चाके गावच्या तलावात भिजत घाली. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली. त्या तलावांना ‘माजी मालगुजारी’ असे सरकारी बिरुद मिळाले आणि लोकांनी त्याचा संक्षेप करून त्यांना ‘मामा तलाव’ म्हटले. सरकारी भाषेतून इतके जिव्हाळ्याचे नाव क्वचितच निपजले असेल.

परंतु या चाकाला ‘अलाइनमेंट’ नावाची व्याधी कधीच नव्हती, कारण दोनच चाके, एकच आख, आणि त्या आखावर प्रत्येक चाक सैल व स्वतंत्र फिरणारे. वळण आले की वळतात ते बैल, आणि गाडी त्यांच्यामागे निमूट जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी रूळवाट या भागात आली, तिलाही हा प्रश्न पडला नाही. तेथे दिशा ठरवण्याचे काम रुळांकडे असते. प्रश्न उद्भवतो तो चार चाकांच्या आणि स्वतःच वळणाऱ्या वाहनात. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर चालते व बाहेरचे मोठ्या, म्हणून दोघांचे कोन सारखे ठेवले तर एकाला फरपटत जावे लागते. इंग्लंडात इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर याचा विचार केला होता. म्यूनिकचे बग्गी बनवणारे लांकेनश्पेर्गर यांनी त्यावर युक्ती काढली, आणि तिचे पेटंट १८१८ साली लंडनमध्ये घेतले ते त्यांचे प्रतिनिधी रूडॉल्फ आकरमान यांनी. नाव राहिले ते प्रतिनिधीचे. वकीलपत्राचा असा लाभ आमच्या कचेऱ्यांतूनही पाहण्यात आहे!

बग्गीसाठी शोधलेली ही भूमिती मोटारीने उचलली आणि ती जीपच्या रूपाने आमच्या रानांत उतरली. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे वनखाते, महसूल, बांधकाम यांतील अंमलदारांचे दौरे घोडा व बैलगाडी सोडून जीपवर होऊ लागले. राने होती तीच आणि वाटाही त्याच. बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेल्या खोल चाकोऱ्या आणि जीपच्या दोन चाकांमधले अंतर यांचा मेळ बसणे कठीण. एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर, अशा तिरप्या चालीने मैलन्‌मैल गेल्यावर पुढच्या चाकांना जोडणारा टायरॉड वाकला नाही तरच नवल. जो चाकोरीबाहेर जातो त्याला भाषेत आपण धाडसी म्हणतो. जीपला अर्धे आत आणि अर्धे बाहेर राहण्याची शिक्षा होती.

आता मुख्य गोष्ट. जीपचा पुढचा आख अखंड असल्यामुळे चाकाचा बाहेरचा झुकाव आणि त्याच्या खुंट्याचा, म्हणजे किंगपिनचा, मागचा कल हे कारखान्यातच पक्के होतात, पहिला दीड अंश व दुसरा तीन अंश. घरी हातात राहतो तो केवळ चाकांचा पुढून आत वळण्याचा फरक. तो किती असावा? कारखान्याच्या पुस्तकात ३/६४ ते ३/३२ इंच लिहिले आहे. मी चष्मा सावरून हे अपूर्णांक वाचीत बसलो असता, ज्यांना मी बोलावले होते ते म्हातारे मिस्त्री म्हणाले, “एका सुताच्या आत ठेवाचं जी, बस.” इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत, पुस्तकातले आकडे खरोखरच पाऊण सुताच्या आत बसत होते. आणि सूत हे मापच नव्हे, तर साधनही. सुतार हा शब्दच सूत्र धरणाऱ्यावरून आलेला. दोन माणसांचे ‘सूत जुळते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यामागे याच धाग्याची आठवण असावी.

त्यांचे काम दीड तास चालले. आधी प्रत्येक चाक वरून-खालून धरून हलवले, कारण बेअरिंग किंवा किंगपिन सैल असेल तर पुढचे सारे मोजमाप फुकट. मग ओळंबा रिमजवळ धरून झुकाव पाहिला: सोळा इंची रिमच्या वरच्या व खालच्या काठांत सुमारे तीन सुतांचा फरक, म्हणजे आख वाकलेला नाही. नंतर चाक जॅकवर उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडूची रेघ ओढली, टोकदार खिळ्याने तिच्यावर बारीक खूण कोरली, आणि आखाच्या उंचीवर पुढून व मागून दोन्ही खुणांमधले अंतर बांबूच्या कामटीवर घेतले. फरक निघाला पावणेतीन सूत. क्लॅम्प ढिले करून टायरॉड थोडा फिरवला, की दर वेळी मला हुकूम होई: जीप दहा फूट पुढे ढकला. रबर जमिनीला चिकटून बसते आणि खोटे माप सांगते. लोटल्याशिवाय ते खरे बोलत नाही. माझी चार वेळा दमछाक झाली.

त्यांचे वडील गाड्यांची चाके करीत. रबरी टायरच्या बैलगाड्या आल्यावर त्यांनी भाता विकला आणि मुलगा मोटारीकडे वळला, एवढेच ते बोलले. ती कामटी माझ्या पडवीत खोचलेली आहे. तिच्यावर चाकूने पाडलेल्या दोन खाचा आहेत, पुढच्या अंतराची एक आणि मागच्या अंतराची एक, इतक्या लगत की डोळ्याला एकच वाटते. नख फिरवले की दोन लागतात.