संजय गांधी राष्ट्रीय उद्यान–तुंगारेश्वर भ्रमणमार्ग

मुंबई व ठाणे शहरांच्या मधोमध असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सु. १०३ चौ. किमी.) आणि वसईजवळचे तुंगारेश्वर अभयारण्य (सु. ८५ चौ. किमी.; स्थापना २००३) यांच्यामधील वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याचा पट्टा. उद्यानाच्या पश्चिमेस बोरिवली–मालाड, तर पूर्वेस मुलुंड–ठाणे ही उपनगरे वाढत थेट जंगलाच्या कडेला भिडली. दक्षिणेकडे आरे दुग्धवसाहत (१९४९) आहे. पण तिच्या पलीकडे पुन्हा शहरच. त्यामुळे बाहेरच्या जंगलाशी संबंध उरला तो उत्तरेकडून. त्या बाजूस घोडबंदर रस्ता, त्यापलीकडे उद्यानाचाच तुटलेला भाग असलेला नागला वनखंड, मग वसईची खाडी आणि वसई–दिवा लोहमार्ग असे अडथळे ओळीने येतात.

पट्ट्याचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा पुरावा ‘आजोबा’ या नर बिबट्याचा आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या बिबट्याला २००९ मध्ये जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. सु. १२० किमी. अंतर कापून, मुंबई–आग्रा महामार्ग व कसाऱ्याजवळचा लोहमार्ग ओलांडून, अखेर वसईची खाडी पोहून तो नागल्यात आला. २०११ मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या या अभ्यासावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. एकाच प्राण्याच्या वाटचालीवरून संपूर्ण भ्रमणमार्ग आखणे धाडसाचे ठरेल. तथापि नैसर्गिक अडथळा वाटणारी खाडी त्याने पार केली आणि डांबरी रस्त्याने त्याचा बळी घेतला, ही बाब नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये वन विभाग व वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांनी उद्यान परिसरातील बिबट्यांना असेच पट्टे बांधले.

भ्रमणमार्गाचा प्रश्न केवळ बिबट्यांचा नाही; उद्यानात सांबर, चितळ व भेकरही आहेत. पक्षी व वटवाघळांना मात्र खाडीचा अडसर फारसा नाही.

उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले. ठाणे–बोरिवली जोडबोगदा उद्यानाखालून जाणार असल्याने जंगलाचे पृष्ठभागावर नवे तुकडे पडणार नाहीत. घोडबंदर रस्त्यावरील रहदारीचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही.