कातड्याची होडी

मंडळी, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी विहिरीवरची मोट पाहिली असेल. तिची शिवण ढिली असली, की थारोळ्यात येईपर्यंत निम्मे पाणी गळून जायचे. आता याच्या उलट कल्पना करा. पाणी आत धरायचे नाही, बाहेर ठेवायचे; आणि तेही बर्फासारख्या गार समुद्राचे. शिवण उसवली की माणूस गेला!

अशा होड्यांतून अल्यूशियन बेटांवरचे उनांगन लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. शिक्षकमित्रांनी नकाशा काढावा. अलास्कापासून कामचात्काच्या दिशेने सुमारे १९०० किलोमीटर पसरलेली ही बेटांची माळ. धुके आहे, वारा आहे, ज्वालामुखी आहेत. झाड मात्र नाही. मग होडीला लाकूड कुठले? लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या ओंडक्यांचे. ते तासून, वादीने बांधून सांगाडा करायचा. खिळा नसल्याने तो लाटेबरोबर लवे, मोडत नसे. वरून समुद्रसिंहाचे कातडे. शिवायचे काम बायकांचे. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची. नवरा परत येणार की नाही, हे त्या टाक्यांवर!

१७४१ साली रशियाच्या चाकरीतला दर्यावर्दी बेरिंग या बाजूला आला, आणि परतीच्या वाटेवर एका ओसाड बेटावर वारला. त्याचे उरलेले खलाशी १७४२ मध्ये घरी पोचले ते समुद्री पाणमांजरांची कातडी घेऊन. त्या मऊ कातड्यांना चीनमध्ये सोन्याचा भाव. झाले, व्यापाऱ्यांची रीघ लागली. पण उघड्या समुद्रात हे चपळ जनावर मारणे त्यांना कुठले जमायला? ते काम उनांगनांचेच. तेव्हा त्यांची बायकामुले ओलीस ठेवायची आणि पुरुषांना शिकारीवर धाडायचे, असा धंदा सुरू झाला.

१७६३-६४ मध्ये लोक उठले. त्यांनी रशियन गलबते नष्ट केली. सोलोव्योव नावाच्या नाखव्याने त्याचा सूड घेतला, गावे उद्ध्वस्त केली, होड्यासुद्धा फोडल्या. कुणब्याचे बैल मारावेत तसेच हे. पुढे उपासमार ठरलेली.

पुढे रशियन अमलात तीन भोकांची होडी वापरात आली. पुढे एक उनांगन वल्हेकरी, मागे एक, आणि मधल्या भोकात रशियन अधिकारी नाहीतर पाद्री, हात बांधून बसलेला. दोनशे वर्षांची हकिगत मला तरी त्या मधल्या भोकातच दिसते.

१८६७ साली रशियाने अलास्का ७२ लाख डॉलरला अमेरिकेला विकला. पाणमांजरे जवळजवळ संपल्यावर, १९११ च्या करारात त्यांची शिकार थांबली. १९४२ मध्ये जपानने अत्तू आणि किस्का ही बेटे घेतली. तेव्हा अमेरिकेने आठशेंहून अधिक उनांगन आग्नेय अलास्कात हलवले आणि मासे डबाबंद करण्याच्या पडक्या कारखान्यांतून ठेवले. सुमारे दहात एक माणूस तिथेच दगावला. काही गावे पुन्हा वसलीच नाहीत.

आता तिथल्या शिबिरांत मुले पुन्हा होडी बांधायला शिकतात. कातड्याच्या जागी बहुधा नायलॉनचे कापड असते. सांगाडा मात्र अजून दोरीनेच बांधतात.