झाडाच्या सालींतील चाळणी

झाडाला वाचा नाहीं, तरी पानांचा मुळांशीं व्यवहार अखंड चालतो. इटलींतील मार्चेलो माल्पिगी ह्यांनीं १७ व्या शतकांत खोडावरील सालीचें कडें काढलें, तेव्हां कड्याच्या वरचा भाग फुगला. खालीं उतरणारा रस अडला होता. १८३७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग ह्यांना सालींत चाळणीप्रमाणें सच्छिद्र पडदे असलेल्या नलिका आढळल्या. पण हीं छिद्रें घडतात कशीं?

२०१४ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील संशोधकांनीं अरॅबिडॉप्सिस ह्या इवल्याशा रोपांत एक दुवा दाखविला. कोलीनची ने-आण करणारें प्रथिन बिघडतांच छिद्रें विरळ व सदोष झालीं, दळणवळण मंदावलें आणि रोप खुरटलें. १८६२ सालीं आडोल्फ श्ट्रेकर ह्यांनीं प्राण्यांच्या पित्तावरून ज्याला नांव दिलें, त्याच द्रव्याच्या वाटपावर झाडाचें हें मूक संभाषण अवलंबून आहे.